अहल्या की अहिल्या?

प्रश्न : नातीचे नाव 'अहिल्या' ठेवण्याचे घरात ठरले आहे, मात्र एका वडीलधाऱ्या बाईंनी 'शापाने शिळा झालेलीचे नाव कशाला?' अशी शंका काढली आहे. या नावाचा अर्थ काय, आणि शुद्ध रूप कोणते?
– एक आजी, सातारा

उत्तर : संस्कृतातील मूळ रूप 'अहल्या' असे आहे. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात ब्रह्मदेव स्वतःच इंद्राला या नावाची फोड सांगतो : 'हल' म्हणजे विरूपता, तिच्यापासून होणारे ते 'हल्य', आणि ते जिच्या ठायी मुळीच नाही ती अहल्या. 'हल' म्हणजे नांगर हा नेहमीचा अर्थ घेऊन 'नांगर न लागलेली भूमी' असाही अर्थ लावला जातो. बोलीत कौसल्येची 'कौशिल्या' होते, त्याच वळणाने मराठीत 'अहिल्या' हे रूप रुळले, आणि आता ते अशुद्ध म्हणण्यात अर्थ नाही.

शिळेविषयी सांगायचे, तर बालकांडातील अहल्या शिळा होतच नाही. गौतमाच्या शापाने ती वायुभक्षण करीत, भस्मात पडून, कोणाच्याही दृष्टीस न पडता आश्रमात तप करीत राहते आणि रामाच्या आगमनाने शापमुक्त होते. शिळेची कथा नंतरची. शिवाय सकाळी म्हणावयाच्या पंचकन्यांच्या श्लोकात पहिले नाव तिचेच येते. त्या प्रकरणातील खरा अपराधी इंद्र. पण महेंद्र, देवेंद्र, सुरेंद्र ही त्याचीच नावे मुलांना ठेवताना कोणी शंका काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

या नावाला आजचे वजन मात्र पुराणाने नव्हे, इतिहासाने दिले. १७२५ साली चौंडीच्या माणकोजी शिंदे यांनी मुलीचे हे नाव ठेवले, तेव्हा ते कोणत्याही राणीचे म्हणून ठेवले नव्हते, म्हणजेच साध्या पाटील घराण्यालाही ते अशुभ वाटत नव्हते. पुढे पती, सासरे आणि पुत्र यांच्या मृत्यूनंतर याच मुलीने १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे महेश्वराहून होळकरांचा कारभार केला, काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, ठिकठिकाणी घाट आणि धर्मशाळा बांधल्या. 'पुण्यश्लोक' ही उपाधी त्यामुळे नावाला अशी चिकटली की धनगर समाजात, आणि त्याबाहेरही, मुलीचे नाव अहिल्या ठेवताना डोळ्यांसमोर गौतमपत्नी नव्हे, हातात शिवलिंग घेतलेली महेश्वरची राज्यकर्तीच येते. इंदूरचे विद्यापीठ तिच्या नावाचे आहे, आणि २०२४ मध्ये अहमदनगर जिल्हाही 'अहिल्यानगर' झाला.

तेव्हा नाव निःशंक ठेवावे आणि जन्मदाखल्यावर, पुढे शाळेतही, 'अहिल्या' हेच एक रूप लिहावे. लाडाने हाक मारताना मात्र त्याचे 'अहि' करू नये. संस्कृतात अहि म्हणजे साप.