वाचकांचे प्रश्न : वाट बदलली, पण हिशोब जुनाच राहिला

प्रश्न : आम्ही पाच मित्र एका दिवसाच्या पदभ्रमंतीला गेलो होतो. एका बाजूने चढायचे, माथ्यावरून फिरून दुसऱ्या बाजूने उतरायचे आणि संध्याकाळी पाचपर्यंत पायथ्याशी यायचे, असा बेत होता. दुपारी उतरणीच्या वाटेवरचा ओढा दुथडी भरून वाहताना दिसला, म्हणून तो ओलांडण्याचा विचार सोडून आम्ही नकाशावरची दुसरी वाट धरली. ती चार किलोमीटर लांब होती आणि तिच्यावर सुमारे तीनशे मीटरचा जास्तीचा चढ होता. ‘तासाभराचा फरक पडेल’ असे सर्वांचे मत पडले. प्रत्यक्षात एका मित्राचा गुडघा दुखू लागला, दोघे जण टॉर्च घेऊन पुढे निघून गेले, मागे राहिलेले आम्ही तिघे एका फाट्यावर चुकलो आणि पायथ्याशी पोहोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजून गेले. घरची मंडळी तोवर आमच्या ठरलेल्या वाटेवर शोध सुरू करण्याच्या बेतात होती. आता पुढे गेलेले दोघे म्हणतात की सगळे बहुमताने ठरले होते, आणि गुडघा दुखणारा मित्र आमच्याशी बोलत नाही. आमचे नेमके कुठे चुकले?

उत्तर : सर्वप्रथम, ओढ्यात न उतरण्याचा आपला निर्णय पूर्णपणे योग्य होता, हे निःशंकपणे सांगतो. गुडघाभर पाणीसुद्धा वेगात असेल तर धडधाकट माणसाचे पाय उचलते, आणि डोक्यावरचे आकाश निरभ्र असले तरी वरच्या अंगाला झालेल्या पावसाने ओढा फुगलेला असू शकतो. बेत बदलला यात काहीच चूक नव्हती. चूक झाली ती बदललेल्या वाटेवर जुन्या वाटेचा हिशोब तसाच पुढे नेण्यात.

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला एक साधा आडाखा आजही वापरला जातो : सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि चढाच्या दर सहाशे मीटरसाठी आणखी एक तास मिळवावा. आपल्या जास्तीच्या चार किलोमीटरची त्यानुसार अठ्ठेचाळीस मिनिटे होतात आणि तीनशे मीटर चढाची तीस, म्हणजे एकूण अठ्ठ्याहत्तर मिनिटे. परंतु हा आडाखा दमदार चालणाऱ्यांसाठी आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. दिवसभर चाललेल्या पाच जणांच्या गटासाठी, त्यातही एकाचा गुडघा कुरकुरत असताना, ही वेळ दुप्पट धरणेच शहाणपणाचे ठरले असते. ओढ्याकाठी पाच मिनिटे बसून ही बेरीज केली असती, तर पाचऐवजी साडेसात वाजणार आणि शेवटचा टप्पा अंधारात उतरावा लागणार, हे तिथेच उघड झाले असते. मग कदाचित आपण आल्या वाटेने परत फिरला असता, किंवा निदान टॉर्च कोणाजवळ राहील हे तरी ठरवले असते.

दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. आपण घरी सांगून निघालात हे चांगले केले, परंतु वाट बदलताच घरच्यांजवळची माहिती खोटी ठरली. आपणांपैकी कोणाला खरोखर दुखापत झाली असती, तर मदतीला आलेली माणसे डोंगराच्या भलत्याच अंगाला शोध घेत राहिली असती. म्हणून वाट बदलताना पहिले काम नवी वाट आणि नवी वेळ घरी कळवणे हे असावे. मोबाइलची रेंज क्षीण असताना फोन लागत नसला तरी छोटा लेखी संदेश पुष्कळदा जातो. रेंज अजिबातच नसेल, तर ज्या वाटेची घरी कल्पना आहे तीच धरून मागे फिरावे, असा नियम मी स्वतः पाळतो, कारण आपण अडकलो तर शोधणारे तिथेच येणार असतात.

आता बहुमताविषयी. चार जणांचे पाय ठणठणीत असताना पाचव्याच्या गुडघ्याचा निर्णय मतदानाने घ्यायचा, ही पद्धतच मला मान्य नाही. अशा वेळी एकाचाही नकार पुरेसा मानावा, आणि ज्याची चाल सर्वांत मंद आहे त्याला इतरांनी तोंड उघडण्यापूर्वी, शक्यतो बाजूला घेऊन, विचारावे. चौघांनी ‘जाऊ या’ म्हटल्यानंतर पाचव्याच्या तोंडून ‘मला जमणार नाही’ हे शब्द निघणे फार अवघड असते. त्यातून गुडघ्याचे दुखणे फसवे असते, कारण चढताना ते फारसे जाणवत नाही आणि उतरताना सांध्यावरचा भार वाढला की डोके वर काढते. आपला मित्र माथ्यावर ‘चालेल’ म्हणाला असेल, तर ते त्याने मनापासूनच म्हटले असेल.

गट फोडावा लागला तर दुखावलेल्या माणसाजवळ सोबत असावी, ही काळजी आपण घेतलीत. मात्र प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी मागच्यांसाठी थांबायचे, हे ठरले नव्हते, आणि पाच जणांत असलेली एकुलती टॉर्च ज्यांना तिची गरज कमी होती त्यांच्याबरोबर निघून गेली. एका दिवसाच्या भ्रमंतीलाही प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतःची टॉर्च आणि एक शिट्टी असलीच पाहिजे. एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा तसेच, हा डोंगरातला मदतीचा सर्वमान्य संकेत आहे. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचे असते.

आपल्या मित्राचा राग उशीर झाल्याबद्दलचा नसून, अंधारात प्रकाश पुढे निघून गेल्याबद्दलचा असावा, असे मला वाटते. त्या दोघांनी त्याच्याकडे जाऊन बहुमताचा दाखला न देता एवढ्याच एका गोष्टीची माफी मागावी.

प्रश्न : माथा अवघ्या पंधरा मिनिटांवर असताना दूरवर गडगडाट ऐकू आला. काही मित्र ‘हात लावून परत येऊ’ म्हणत होते, पण मी सर्वांना खाली उतरवले. माझा भित्रेपणा झाला का?

उत्तर : मुळीच नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत; दर तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर अंतर होते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची वीज आपल्यावरही पडू शकते. अशा वेळी माथा आणि धार सोडून खाली यावे, एकट्या उंच झाडाखाली किंवा उथळ कपारीत आडोसा घेऊ नये, एकमेकांपासून अंतर ठेवून थांबावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण अर्धा तास उलटेपर्यंत पुन्हा वर चढू नये. त्या अर्ध्या तासानंतर उतरण्यासाठी पुरेसा उजेड उरत नसेल, तर माथा त्या दिवसापुरता सोडून द्यावा.