लाकडी रंधा घरी बनवताना ठोकळा कोरावा की तुकडे जोडावे?

आपण विचारले आहे की, करवत, पटाशी आणि काही क्लॅम्प एवढीच साधने असताना रंधा घरी बनवता येईल का, आणि अखंड ठोकळा कोरावा की तुकडे जोडावे. पहिलाच रंधा असेल, तर तो जोडूनच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अखंड ठोकळ्यात पात्याची बैठक, म्हणजे पाते ज्यावर टेकते तो उतार, अरुंद पोकळीत पटाशी घालून जवळजवळ चाचपडत कोरावी लागते, आणि ती जराशी जरी फुगीर राहिली, तरी पाते थरथरते व लाकडावर बारीक लाटा उमटतात. जोडकामात हीच बैठक उघड्यावर, गुण्या लावून सपाट करता येते. फर्निचर कारागीर जेम्स क्रेनॉव्ह (1920–2009) यांच्यामुळे ही पद्धत बरीच प्रसिद्ध झाली.

लाकूड कठीण, सरळ रेषांचे आणि पूर्ण वाळलेले असावे. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंनी सुमारे 10 मिलिमीटर जाडीच्या फळ्या चिरून काढाव्यात. मधला भाग पात्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर रुंद ठेवावा, म्हणजे पाते किंचित वळवून सरळ करता येते. हा मधला भाग 45 अंशांत कापला की मागच्या तुकड्याचा उतार हीच पात्याची बैठक होते. पुढच्या तुकड्याला ढलपी वर निघण्यासाठी साधारण 60 अंशांचा उतार द्यावा. पाते दुहेरी असेल, म्हणजे त्याला वरून दुसरी पट्टी स्क्रूने जोडलेली असेल, तर त्याच्या स्क्रूच्या डोक्यासाठी बैठकीत खाच लागते. ही गोष्ट चिकटवण्यापूर्वीच आठवलेली बरी.

बाजूच्या फळ्यांमध्ये आडवी दांडी बसवावी आणि पाचर तिच्याखाली घट्ट बसेल, पण तिचा दाब पात्याच्या खालच्या भागावर पडेल, अशी तासावी. पाचर फक्त वरच्या बाजूला आवळत असेल, तर धार मोकळी राहते आणि बैठकीवर घेतलेली सारी मेहनत वाया जाते. सरस लावताच तुकडे घसरतात, म्हणून दोन्ही टोकांना, पुढे कापून टाकायच्या भागात, बारीक खुंट्या ठोकून ठेवाव्यात.

चिकटवताना तोंड, म्हणजे पाते बाहेर येण्याची तळातली फट, जवळजवळ बंदच असावे. दोन्ही उतार वरच्या दिशेने फाकत जात असल्यामुळे तळातून जितके लाकूड निघेल, तितके तोंड आपोआप उघडते. पात्यापुढे अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट मिळेपर्यंत थोडे थोडे घासत जावे. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून तळ घासताना पाचर नेहमीसारखीच ठोकलेली असावी, मात्र धार तळाच्या आत असावी, कारण पाचरीच्या ताणाने तळ किंचित वाकतो. तळावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारल्या की उंचवटे लगेच दिसतात. पुढचे टोक, तोंडाच्या लगतची पुढची कड आणि मागचे टोक एका पातळीत आले, की मधल्या उथळ खोलगटपणाने काही बिघडत नाही.

धार 25 ते 30 अंशांवर लावावी. पाते खाली सरकवायचे असल्यास त्याच्या वरच्या टोकावर आणि मागे घ्यायचे असल्यास रंध्याच्या मागच्या टोकावर हलके ठोकावे. नंतर पाचर पुन्हा घट्ट करावी. हवेतील ओलाव्याने तळ हलतो, तो पुन्हा घासावा लागतो आणि दर वेळी तोंड थोडे मोठे होते; ते फार उघडल्यास पात्यापुढे तळात कठीण लाकडाचा तुकडा बसवून पुन्हा अरुंद करता येते.