लक्षवेधी, लक्ष्यवेधी आणि जुगाऱ्याचा डाव

प्रश्न : "मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. विधिमंडळाच्या कामकाजाचा धडा शिकवताना फळ्यावर 'लक्षवेधी सूचना' असं लिहिलं होतं. एका सहकाऱ्यांनी ते खोडून 'लक्ष्यवेधी' केलं. वेध घ्यायचा तर लक्ष्याचाच, असं त्यांचं म्हणणं. बरोबर काय? आणि अनेक असतील तर 'लक्षवेधी' म्हणायचं की 'लक्षवेध्या'?"

बाई, फळा पुसा आणि तुमचा शब्द परत लिहा. लक्षवेधी.

हा आगंतुक 'य' गेली काही वर्षं गावभर हिंडतो आहे. 'कृपया इकडे लक्ष्य द्या', 'प्रशासनाचे दुर्लक्ष्य', आणि गेल्या गणपतीत आमच्याच गल्लीच्या कमानीवर दोन हात उंचीच्या अक्षरांत 'लक्ष्यवेधी देखावा'. मी रंगाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तुमच्यासारख्याच एका सरांनी सुधारून दिलंय." एक जोडाक्षर वाढवलं की शब्द सोवळ्यात जातो, असा या सुधारकांचा समज असावा. अहो, आपण लक्ष देतो, लक्ष ठेवतो, ते नसलं की दुर्लक्ष होतं. लक्ष्य म्हणजे जे गाठायचं, ज्यावर बाण सोडायचा ते. आमदाराला मंत्र्याचं लक्ष वेधायचं असतं. मंत्र्यालाच लक्ष्य करायचं असेल तर त्याची आयुधं वेगळी आहेत, आणि त्यासाठी संख्याबळ लागतं.

बरं, वेध हा नेमबाजीचाच शब्द धरला तरी सहकाऱ्यांची बाजू टिकत नाही. अमरकोशात शरव्याचे, म्हणजे बाणाच्या निशाण्याचे, प्रतिशब्द दिले आहेत आणि तिथे लक्ष आणि लक्ष्य शेजारी शेजारी बसले आहेत. म्हणजे 'निशाणा' याच अर्थाने घ्यायचं तरी 'लक्ष' चालतं. मराठीत दोघांनी कामं वाटून घेतली, एवढंच.

पण मराठीत वेध म्हणजे नुसतं भोसकणं नव्हे. मूळ धातू व्यध्, टोचणे, आरपार जाणे. त्यातूनच विद्ध, त्यातूनच व्याध, कान टोचायचा तो कर्णवेध, आणि मोत्याला पाडलेलं भोक ते वेज. (व्याध लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.) मराठीने मात्र या टोचण्यातून ओढ काढली. ग्रहणाचे वेध लागतात, निवडणुकीचे लागतात, सुट्टीचे लागतात. कानडा विठ्ठलु 'तेणें मज लावियेला वेधु' म्हणताना ज्ञानदेवांना कुणी बाण मारलेला नव्हता. तेव्हा 'लक्ष वेधणे' हे इंग्रजीवरून बेतलेलं आहे असं नाक मुरडून सांगणारे जे आहेत, त्यांना पंढरीला पाठवा. कल्पना बाहेरून आली असेल, क्रियापद घरचं आहे. हिंदीने याच गोष्टीला 'ध्यानाकर्षण' म्हटलं. चांगला शब्द आहे, पण ऐकताना कुणाला तरी समाधीतून खेचून बाहेर काढल्यासारखं वाटतं. मंत्र्यांच्या बाबतीत तेही लागू पडत असेल म्हणा.

आणि कल्पनाही विलायतेची नाही, हे वर्गात जरूर सांगा. प्रश्नोत्तरांचा तास आपण लंडनहून उचलला. लक्षवेधी मात्र आपली. १९५४ मध्ये लोकसभेच्या नियमांत ती आली, आज तिथे तिचा नियम १९७ आहे, आणि आपल्या विधानसभेत १०५. तातडीची, सार्वजनिक महत्त्वाची बाब सदस्याने उचलायची, मंत्र्याने त्यावर निवेदन करायचं, मग सदस्यांनी खुलासे विचारायचे. मतदान नाही. तारांकित प्रश्न ही निराळी वस्तू आहे. तोंडी उत्तर हवं म्हणून ज्याच्यावर तारा काढतात तो तारांकित, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लेखी उत्तरावर भागतं तो अतारांकित. तारांकितचा तारखेशी काडीचा संबंध नाही, तारीख अरबी आहे. हे सांगायचं कारण, परवा दूरचित्रवाणीवर एक निवेदिका 'तारांकित लक्षवेधी' म्हणाली आणि पाचच मिनिटांनी कुणाच्या तरी पैठणीला 'लक्षवेधी' म्हणाली. पैठणीबद्दल माझी तक्रार नाही.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते.

शासन निर्णय वाचता का कधी? वाचा. 'रु. २५.०० लक्ष इतका निधी वितरित करण्यास मान्यता देण्यात येत आहे.' बाजारात, बँकेत, हुंड्याच्या बोलणीतसुद्धा सगळे 'लाख' म्हणतात, पण सरकारी मराठी हट्टाने 'लक्ष' लिहिते. म्हणजे मंत्रालयातल्या एकाच फायलीत एका पानावर लक्ष म्हणजे अवधान आणि दुसऱ्या पानावर लक्ष म्हणजे एकावर पाच शून्यं. माझं फार दिवसांचं म्हणणं असं आहे की लक्षवेधीतला लक्ष हा दुसऱ्या पानावरचासुद्धा आहे. जी लाखांचा वेध घेते ती लक्षवेधी! हसा खुशाल. शब्द घडवणाऱ्याच्या मनात हा श्लेष होता असा पुरावा माझ्याजवळ नाही. पण मनात नसलेले श्लेषही भाषा करते, आणि इथे तर दोन्ही लक्ष एकाच घरातले आहेत.

घर दाखवतो. पण आधी वाटेतला एक धोंडा बाजूला करू. 'लाख' हा आकडा आणि दारावर शिक्क्यासाठी वापरायची 'लाख' यांचं नातं पुष्कळ जण लावतात. झाडावर लाखो किडे असतात, म्हणून त्यांच्या रसाला लाख म्हणायचं. ही व्युत्पत्ती बऱ्या बऱ्या विद्वानांनी छापली आहे आणि एकाने दुसऱ्याची वाचून पुन्हा छापली आहे. किडे मोजायला कोण गेलं होतं? अथर्ववेदात लाक्षेवर, म्हणजे याच शिक्क्याच्या लाखेवर, आख्खं सूक्त आहे, पाचव्या कांडातलं पाचवं, त्यात तिला नावाने हाक मारली आहे, 'लाक्षे' म्हणून. आणि यजुर्वेदातली संख्यांची ती प्रसिद्ध माळ बघा : एक, दश, शत, सहस्र, अयुत, नियुत, प्रयुत, अर्बुद… पार परार्धापर्यंत. यात लक्ष कुठे आहे? नाही! शंभर हजारांना तिथे नियुत म्हणतात. लाक्षा वेदात हजर आणि आकड्यांच्या यादीत लक्ष गैरहजर. जो आकडा अजून जन्मला नव्हता त्याच्यावरून किड्यांनी नाव घेतलं, असं म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणणार नाही.

मग लक्ष हा शब्द वेदात नव्हताच का? होता, पण वेगळ्या धंद्यात. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडळातलं बारावं सूक्त, ज्याचं पालुपद 'स जनास इन्द्रः' आहे ते. त्याच्या चौथ्या ऋचेत इंद्राने शत्रूचं धन कसं उचललं, तर 'श्वघ्नीव यो जिगीवाँ लक्षमादत्'. जिंकलेल्या श्वघ्नीने लक्ष उचलावं तसं. श्वघ्नी म्हणजे जुगारी. आणि लक्ष म्हणजे डावाला लावलेली रक्कम. पण! (पैजेचा पण, 'परंतु' नव्हे.)

सर्वांत जुना सापडणारा लक्ष हा असा फाशांच्या पटाशेजारी पडलेला आहे. वेदांचे भाष्यकार सायणाचार्य इथे काय म्हणतात ते तुमच्या सहकाऱ्यांना मुद्दाम सांगा, त्यांना बरं वाटेल. सायण म्हणतात, श्वघ्नी म्हणजे कुत्र्यांकडून मृग मारवणारा, म्हणजे व्याध, आणि लक्ष म्हणजे लक्ष्य. झालं! चौदाव्या शतकातच फळ्यावरचा शब्द खोडून 'य' लावून झाला होता. सायणांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, हे चुकलं. नुसता शब्द फोडून (श्वा म्हणजे कुत्रा, घ्नी म्हणजे मारणारा) अर्थ लावला की असंच होतं. हाच श्वघ्नी दहाव्या मंडळात 'कृतं न श्वघ्नी वि चिनोति देवने' असा येतो. देवन म्हणजे द्यूत. कृत म्हणजे फाशांचं सर्वांत चांगलं दान. आता द्यूतात दान वेचणारा हा व्याध कुत्री घेऊन बसला होता का?

डावातल्या धनाचा शब्द पुढे मोठ्या धनाच्या आकड्याचा झाला, ही माझी समजूत. काही जण म्हणतात, लक्ष म्हणजे आधी खूण, मग मोजणीसाठी केलेली खूण, मग मोठी संख्या. असेल. त्यांची पायरी एक जास्त आहे आणि माझ्या पायरीवर पैसे ठेवलेले आहेत. मोनिअर-विल्यम्सच्या कोशात खूण, निशाणा, ऋग्वेदातलं बक्षीस आणि शंभर हजार, सगळं एकाच नोंदीखाली गुण्यागोविंदाने राहतं, तेव्हा भांडण फार ताणत नाही.

खूण म्हटली की लक्षण आलं आणि लक्षणामागोमाग लक्ष्मी आली. हो, तीही याच घरातली. ऋग्वेदात ती अजून देवी झालेली नाही, वाणीवर उमटलेली शुभ खूण आहे. अथर्ववेदाच्या सातव्या कांडात तर चक्क पापी लक्ष्मी भेटते, तिला 'इथून उडून जा' म्हणून घालवून देतात. तिथेच सांगितलं आहे की माणसाबरोबर एकशेएक लक्ष्मी जन्माला येतात, आणि शेवटी म्हटलं आहे : 'रमन्तां पुण्या लक्ष्मीर्याः पापीस्ता अनीनशम्'. पुण्यवान असतील त्या इथे रमोत, पापी होत्या त्या मी नाहीशा केल्या. लोकलेखा समितीच्या दारावर लावायला यापेक्षा चांगली ओळ मला माहीत नाही. महालेखापरीक्षकांचा अहवाल समोर घेऊन अधिकाऱ्यांना बोलावून विचारायचं, हा खर्च कोणत्या लक्ष्मीचा? लोकसभेत १९६७ पासून या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाला देण्याचा प्रघात आहे. पापी लक्ष्मी ज्याने आणली त्यालाच ती शोधायला बसवू नये, हे अथर्वणांनाही पटलं असतं.

लाखांचा वेध म्हणजे काय ते मुलांना सांगायचं तर मुंदडा प्रकरण सांगा. आयुर्विमा महामंडळ १९५६ मध्ये स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी विमेदारांच्या पैशातून हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर खरेदी करून बसलं. लोकसभेत प्रश्न आले. फिरोज गांधी सत्ताधारी बाकावरचे, त्यातून पंतप्रधानांचे जावई, पण त्यांनी डिसेंबर १९५७ मध्ये हा विषय सभागृहात असा लावून धरला की सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती चागला यांनी ती मुंबईत, उघड्या दाराने केली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी पायउतार झाले. ती नियमाने लक्षवेधी नव्हती हे मला माहीत आहे. पण सव्वाशे लक्षांचा वेध होता की नाही?

आणि ज्या आयुधाचं कामच पैसे कापायचं, ते किती कापतं? कपात सूचना. धोरणच नापसंत असेल तर म्हणायचं, या खात्याची मागणी, म्हणजे खर्चासाठी सभागृहाकडे मागितलेली रक्कम, कमी करून १ रुपया करा. एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर म्हणायचं, १०० रुपये कमी करा. हजारो कोटींच्या मागणीतून शंभर रुपये! जुगाऱ्याच्या डावात हे कुणी उचललंही नसतं. पण ती मंजूर झाली तर सरकारवर सभागृहाचा विश्वास उरला नाही असा तिचा अर्थ होतो. 'कपात' हा शब्दही बघण्यासारखा आहे, मराठी 'कापणे' आणि शेवट मात्र थेट कचेरीतल्या फारसी शब्दांसारखा ठसकेबाज. त्यावर मात्र पुन्हा कधीतरी, कारण तो विषय सुरू केला तर मला आवरता येणार नाही.

हां, अनेकवचन. लक्षवेधी हे विशेषण आहे आणि 'सूचना' गळून पडली आहे. गुणी मुलगी, गुणी मुली, तशी एक लक्षवेधी, चार लक्षवेधी. वचन क्रियापद सांगतं : आज चार लक्षवेधी लागल्या, एक राखून ठेवली. 'लक्षवेध्या' चूक नाही, विशेषणाचं पक्कं नाम झालं की पुरवणीच्या पुरवण्या होतात तशा याच्याही होणारच, आणि बोलताना लोक करतातही. तुम्ही फळ्यावर 'लक्षवेधी' लिहा. आणि शेजारी तुमचे सहकारी उभे असतील तर डस्टर आधी ताब्यात घ्या.