लाकडाचं टोक तिरकं कापताना कोन आणि लांबी दोन्ही बरोबर कशी येतील?

आधी एक ठरवा: मोजलेली लांबी फळीच्या लांब कडेची आहे की आखूड कडेची? बहुतेक तुकडे इथेच वाया जातात, कोनात नाही. खूण करतानाच फळीवर ‘लांब कड’ असं लिहून ठेवा.

दोन्ही कडांमधला फरक रुंदीवर ठरतो. सरळ कापापासून ४५ अंश असेल तर फरक रुंदीइतकाच, ३० अंशांना रुंदीच्या ०.५८ पट. म्हणजे १०० मिमी रुंद फळीची एक कड ५८ मिमीने आखूड होईल. गुण्या (काटकोन आखायची पट्टी) लावून आडवी सरळ रेघ मारा, तिच्या एका टोकापासून कडेवर ५८ मिमी मोजा आणि ती खूण रेघेच्या दुसऱ्या टोकाला जोडा. छोट्या कोनमापकाने मारलेल्या रेघेपेक्षा ही जास्त बिनचूक येते.

भिंतीच्या कोपऱ्यात बसवायचं असेल तर ९० अंश गृहीत धरू नका. पातं फिरणाऱ्या गुण्याने जागेवरचा कोन उचला आणि तो निम्मा करा. मायटर सॉवर (कोन लावून कापायच्या करवतीवर) ० म्हणजे सरळ काप, त्यामुळे हा निम्मा कोन ९० मधून वजा करून आकडा लावा.

रेघ धारदार सुरीने मारा, करवतीचं पातं रेघेच्या टाकाऊ बाजूला ठेवा. आधी दोन टाकाऊ तुकडे कापून जोडून बघा. चूक तिथे दुप्पट दिसते. खरा तुकडा किंचित लांब कापून रंध्याने जुळवून घ्या.