वाचकांचे प्रश्न : 'सी हॉक'ची प्रतिकृती आणि नौकेवरची पहिली जेट विमाने

प्रश्न : माझे काका जुन्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवर तंत्रज्ञ होते. त्यांना भेट देण्यासाठी मी 'सी हॉक' या तिच्यावरच्या जेट लढाऊ विमानाचे १:७२ प्रमाणातील प्लॅस्टिक किट जोडत आहे. पंख आणि धड जिथे मिळतात तिथे मोठी फट राहते, आणि भाग नुसते टेपने धरून पाहिले तरी विमान शेपटीवर बसते. रंगाबद्दलही मार्गदर्शन करावे. – एक वाचक, सांगली

उत्तर : फटीची अडचण ज्या जागी येते, त्याच जागी या विमानाचे सारे वेगळेपण साठलेले आहे, म्हणून आधी ती जागा समजून घ्यावी. हॉकर या ब्रिटिश कंपनीच्या 'पी १०४०' या 'सी हॉक'च्या आदिनमुन्याने २ सप्टेंबर १९४७ रोजी पहिले उड्डाण केले. त्यात रोल्स-रॉइसचे 'नीन' इंजिन होते. अशा इंजिनाचा झोत लांब नळीतून शेपटीच्या टोकापर्यंत नेला, तर वाटेत त्याचा काही जोर वाया जातो आणि धडाचा मागचा भाग त्या नळीनेच भरून जातो. हॉकरच्या अभियंत्यांनी झोत दोन शाखांत विभागला आणि पंखांच्या मुळाशी, मागच्या कडेला, धडाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर सोडला. त्यामुळे मागच्या धडात इंधनाच्या टाकीला जागा मिळाली, आणि भराभर इंधन पिणाऱ्या सुरुवातीच्या जेट विमानाला समुद्रावर ही जागा फार मोलाची होती. हवा आत घेणारी तोंडेही पंखांच्याच मुळाशी, पुढच्या कडेला आहेत. तेव्हा पंखाचे मूळ चुकले, तर बाकी कितीही सुबक काम केले तरी ते 'सी हॉक' दिसणार नाही.

म्हणून या सांध्यात पुट्टीचे थर भरण्याची घाई करू नये. पुट्टी वाळताना आकसते आणि घासताना तिथली नाजूक वळणे सपाट होतात. पंखाचा वरचा भाग धडाशी आधी नीट जुळवावा, उरलेली फट शक्यतो खालच्या बाजूला जाऊ द्यावी, आणि तिथे पातळ प्लॅस्टिकची पट्टी बसवून ती घासावी. झोताच्या तोंडांच्या कडा किटमध्ये जाड असतात. त्या आतून खरवडून पातळ केल्या की प्रतिकृती एकदम जिवंत वाटू लागते. आतला रंग मात्र सांधा बंद करण्यापूर्वीच द्यावा लागतो, कारण नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही.

विमान शेपटीवर बसते, कारण पुढे नाकाखाली चाक असलेल्या या रचनेत वजनाचा तोल मुख्य चाकांच्या पुढे पडावा लागतो, आणि पोकळ प्लॅस्टिकचा तोल मागे जातो. मासेमारीच्या गळाला लावतात ते शिशाचे तुकडे नाकात, जितके पुढे बसवता येतील तितके पुढे, इपॉक्सीने घट्ट बसवावेत. लाकडाला लावायचा पांढरा गोंद शिशासाठी वापरू नये. त्याच्या संपर्कात शिसे काही वर्षांत गंजून फुगते आणि धडाला तडे जाऊ शकतात. धड बंद करण्याआधी सर्व भाग टेपने जोडून तोल पुन्हा एकदा तपासावा आणि शिसे थोडे जास्तच घालावे, कारण पुट्टी आणि रंग यांचेही वजन मागे वाढत जाते.

रंगाबाबत : सुरुवातीच्या काळात आपल्या 'सी हॉक' विमानांवर ब्रिटिश नौदलाचीच रंगसंगती होती, म्हणजे वर गडद समुद्री करडा आणि खाली 'स्काय' नावाचा फिकट हिरवट रंग. त्याहून महत्त्वाची गोष्ट शेपटीची आहे. भारताने पुढे पश्चिम जर्मनीची वापरलेली विमानेही घेतली, आणि त्यांचा उभा शेपटी-पंख मूळ विमानांपेक्षा उंच होता. म्हणून आपण निवडलेल्या क्रमांकाच्या विमानाचे छायाचित्र आधी मिळवावे आणि शेपूट त्यावरून ठरवावी. काकांना क्रमांक आठवत असेल, तर याहून चांगली सुरुवात नाही. गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात 'सी हॉक' प्रत्यक्ष पाहता येते. पंखाच्या मुळाची छायाचित्रे तिथे सर्व बाजूंनी काढून आणावीत. मात्र उघड्यावर ठेवलेल्या विमानाला नंतर पुन्हा रंग दिलेला असू शकतो, त्यामुळे रंगासाठी त्यावर विसंबू नये.

प्रश्न : प्रतिकृती 'विक्रांत'च्या डेकवर ठेवायची असेल तर कोणती काळजी घ्यावी? – तेच वाचक

उत्तर : डेकच्या पुढच्या टोकाचा वर वळलेला चढ दाखवू नये. तो 'सी हॅरियर' या नंतरच्या जेट विमानासाठी पुष्कळ नंतर बसवला गेला. 'सी हॉक'च्या काळात डेक पुढे सपाट होता आणि विमाने वाफेच्या कॅटपल्टने, म्हणजे त्यांना वेगाने पुढे फेकणाऱ्या यंत्रणेने, सोडली जात. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी, जे पुढे नौदलप्रमुख झाले, यांनी 'विक्रांत'वर पहिले जेट विमान उतरवले. १९७१ च्या युद्धातला प्रसंग निवडलात, तर ४ डिसेंबरला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बझार आणि चितगाववर याच विमानांनी हल्ले केले होते; तेव्हा पंखांखाली शस्त्रे असलेली मांडणी शोभेल. दुमडलेले पंख आणि शस्त्रे एकत्र दाखवायची असतील, तर शस्त्रे पंखाच्या न दुमडणाऱ्या भागाखालीच राहतील याकडे लक्ष द्यावे.

प्रश्न : जेट विमान नौकेवर उतरवणे सुरुवातीला इतके अवघड का मानले गेले? आणि 'सी हॉक'नंतर त्या पिढीतील कोणती विमाने जोडावीत? – एक महाविद्यालयीन वाचक, पुणे

उत्तर : पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानाचे इंजिन मंद केले की तो फिरता पंखाच अडथळा होऊन वेग कमी करतो, आणि जोर हवा असला की तो लगेच मिळतो. जुन्या जेट इंजिनाला वेग घ्यायला काही सेकंद लागत, आणि डेकच्या अगदी जवळ आल्यावर तेवढा वेळ हाती नसे. तरीही ३ डिसेंबर १९४५ रोजी ब्रिटिश वैमानिक एरिक ब्राउन यांनी 'व्हँपायर' हे जेट विमान 'एच. एम. एस. ओशन'वर यशस्वीपणे उतरवले. खरा दिलासा मिळाला तो तिरक्या डेकमुळे, म्हणजे उतरण्याची पट्टी नौकेच्या लांबीशी कोन करून आखल्यामुळे, कारण विमानाचा हूक डेकवरच्या थांबवणाऱ्या तारेत अडकला नाही तरी वैमानिकाला समोरच्या उभ्या विमानांवर न आदळता पुन्हा वर जाता येऊ लागले.

दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर ठाम आहे : 'सी हॉक'शेजारी त्याच प्रमाणात सुपरमरीन 'अटॅकर' आणि ग्रुमन 'पँथर' ठेवावीत. 'अटॅकर'मध्ये तेच 'नीन' इंजिन आहे आणि 'पँथर'च्या पहिल्या आवृत्तीत त्याचीच अमेरिकेत परवान्याने बनवलेली प्रत आहे. पण तीन कंपन्यांनी झोत तीन वाटांनी बाहेर काढला. 'पँथर'चा झोत शेपटीखालून बाहेर पडतो, 'अटॅकर'चा थेट धडाच्या टोकातून. 'अटॅकर'चे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्याला नाकाखाली चाक नसून शेपटीखाली चाके आहेत, त्यामुळे उभे असताना त्याचे नाक वर असते आणि झोत जमिनीकडे रोखलेला असतो. त्याच्या नाकात शिसे घालण्याची गरज पडत नाही. 'पँथर'मध्ये मात्र घालावे लागते.