अँथ्रो घेतोयस? मग हे वाच

हे बघ, अँथ्रोपॉलॉजीत (म्हणजे मानवशास्त्रात) चालीरीती, नातेसंबंध तर येतातच पण कवट्या नि हाडं मोजणं, जेनेटिक्स, प्रागैतिहास हे पण येतं, त्यामुळे बायोलॉजीला घाबरून तो भाग परीक्षेच्या तोंडावर ढकलू नकोस. यूपीएससीसाठी घेत असशील तर ऑप्शनलचे 250 मार्कांचे दोन पेपर असतात, पण क्लासच्या नोट्सवर एमए निघत नाही बाबा.

किनशिप, म्हणजे नातेसंबंधांचा भाग, मात्र जीव लावून कर, इरावती कर्व्यांचं 1953 चं पुस्तक अजून वाचावंच लागतं. वंशावळ काढायला शिक, पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल, लग्नाला बरोबरचं चिन्ह. पहिली घरचीच काढ, आजीला सोबत बसवून. आपल्याकडे बऱ्याच जातींत मामाची मुलगी चालते पण मावशीची चालत नाही, हे कागदावर दिसलं की थिअरी आपोआप डोक्यात शिरते.

फील्डवर, म्हणजे अभ्यासाला लोकांमध्ये, गेल्या गेल्या रेकॉर्डर काढू नकोस, आधी चहा पी, तिथल्या लोकांना तुझी चौकशी करू दे (लग्न, पगार, जात, सगळं विचारतात). टिपणं त्याच रात्री लिही, सकाळपर्यंत निम्मं उडतं, आणि मराठीतच लिही, इंग्लिश नंतर बघू.