भूकंपानंतर काठमांडूमध्ये जुने असे काही उरले आहे का?

आपण विचारले आहे की, २०१५ च्या भूकंपानंतर काठमांडूमध्ये पाहण्यासारख्या जुन्या वास्तू उरल्या आहेत का, की आता दिसते ते सारे नवे बांधकाम आहे. मी लाकडी वाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि याच उत्सुकतेपोटी तिथे जाऊन आलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

काठमांडू खोऱ्यातील सात स्मारकसमूहांना १९७९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांपैकी पशुपतिनाथाचे मुख्य मंदिर भूकंपातून जवळजवळ सुखरूप राहिले. भक्तपूरचे पाच मजली न्यातपोल मंदिर, जे राजा भूपतींद्र मल्लाने १७०२ मध्ये बांधले, ते तर १९३४ आणि २०१५ असे दोन्ही मोठे भूकंप सोसून उभे आहे. मात्र हनुमान ढोका या काठमांडूच्या जुन्या राजवाड्याच्या परिसरातील अनेक देवळे २५ एप्रिल २०१५ रोजी काही क्षणांत कोसळली आणि त्यांत काष्ठमंडप हा जुना लाकडी मंडपही होता, ज्याच्या नावावरून या शहराला काठमांडू हे नाव मिळाले. त्या दिवशी तिथे रक्तदान शिबिर चालू होते आणि त्यातील काही जणांचा मृत्यू झाला.

काष्ठमंडप कोसळला तेव्हा तो जुना आणि पाया कच्चा म्हणून कोसळला, असेच बहुतेकांना वाटले. पुढे पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. मातीच्या गिलाव्यात रचलेल्या विटांचा खोल पाया भक्कम होता, आणि बाराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या या वास्तूचा पाया त्याहून कित्येक शतके जुना, सातव्या शतकाच्या आसपासचा असल्याचे आढळले. आपल्या वाड्यांत लाकडी खांब जसा तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर, उभा असतो, तसेच तेथील चार मुख्य खांब तळखड्यांच्या खाचेत बसवलेले असायचे. परंतु विसाव्या शतकातील एका दुरुस्तीत चारांपैकी एका खांबाचा तळखडा फरशीखाली झाकला गेला आणि तो खांब आधाराविना नुसता फरशीवर टेकून राहिला. म्हणजे दोष मूळ कारागिरांचा नव्हता, नंतरच्या दुरुस्तीचा होता. हे कळल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होतो, कारण वाड्यांच्या दुरुस्तीत तळखडे फरशीखाली गाडण्याचा प्रकार मी आपल्याकडेही पाहिला आहे.

पुनर्बांधणीच्या वेळी आधी ठेकेदाराकडून सिमेंट आणि लोखंड वापरून काम करून घेण्याचा बेत होता. स्थानिक नागरिकांनी त्याला ठाम विरोध केला, काम आपल्या हाती घेतले आणि लाकूड, वीट व माती या पारंपरिक सामग्रीतच काष्ठमंडप पुन्हा उभारला. राणी पोखरीचेही तसेच झाले. राजा प्रताप मल्लाने पुत्रशोकात बुडालेल्या राणीच्या सांत्वनासाठी १६७० मध्ये हा तलाव बांधला, असे सांगितले जाते. भूकंपानंतर त्याच्या डागडुजीत काँक्रीट घातले जाऊ लागले, तेव्हा लोकांनी काम थांबवायला लावले आणि तळ पुन्हा पारंपरिक काळ्या चिकणमातीने बांधून घेतला. भूकंपात कोसळलेला धरहरा मनोरा मात्र काँक्रीटमध्ये नव्याने उभारला आहे, त्यासाठी मुद्दाम वेळ काढावा असे मला वाटत नाही. जुन्या धरहऱ्याचा उरलेला बुंधा तेवढा अवश्य पाहावा.

म्हणून नेवार या खोऱ्यातील मूळ समाजाच्या सुतारांनी आणि शिल्पकारांनी जुन्याच पद्धतीने पुन्हा घडवलेली वास्तू मी नवी मानत नाही. या खोऱ्यात देवळे शतकानुशतके अशीच भूकंपांनंतर पुन्हा उभी राहिली आहेत. हनुमान ढोका येथे प्रताप मल्लाचा १६५४ चा शिलालेखही शोधा. त्यात अनेक लिप्या एकत्र आहेत, आणि त्यांत काही फ्रेंच शब्दसुद्धा कोरलेले आहेत.

काष्ठमंडपात शक्यतो सकाळी लवकर जावे. आत मधोमध गोरक्षनाथांची मूर्ती आहे, त्यामुळे नाथपंथाशी परिचित मराठी माणसाला तिथे परके वाटत नाही. शेजारच्या लहानशा अशोक विनायकापुढे त्या वेळी रोजच्या दर्शनाला आलेल्या माणसांची गर्दी असते. दर्शन झाल्यावर मंडपातील चारही मुख्य खांबांच्या तळाशी वाकून पाहावे.